मूळ उपटावें कीं राखावें?

देहाच्या दुखण्यांत दांताचें दुखणें जितकें क्षुल्लक मानलें जातें तितकेंच तें असह्य असतें. तापानें अंथरूण धरलेल्या माणसाची विचारपूस करावयास शेजारीपाजारी येतात. परंतु गाल धरून बसलेल्या माणसाकडे पाहून घरचींच माणसें हंसतात. लवंगेचें तेल झालें, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, आणि तरीहि अपरात्रीं दाढ ठणकूं लागली, म्हणजे त्या माणसाला राज्याचें, संसाराचें किंवा परलोकाचें कांहींहि सुचत नाहीं. सर्व जग एका दाढेएवढें होऊन बसतें. दुसऱ्या दिवशीं दंतवैद्य क्षकिरणांची छबी पाहून सांगतो कीं, कीड आंतवर पोंचली आहे, रूट कॅनॉल करावें लागेल. मग घरांत मसलत बसते. वडीलधारीं माणसें म्हणतात, ‘काढून टाक, म्हणजे कायमची कटकट मिटली.’ एखादा सुशिक्षित आप्त आपल्या फोनवर आलेला मजकूर वाचून दाखवितो कीं, मेलेला दांत तोंडांत ठेवला तर त्याचें विष अंगभर पसरतें, व त्यांतून हृद्रोगापासून कर्करोगापर्यंत वाटेल तें उद्भवतें.

यांपैकीं पहिला सल्ला जुन्या अनुभवांतून आलेला आहे. ज्या काळीं दुसरा उपायच नव्हता त्या काळचें तें शहाणपण होय. दुसरा सल्ला मात्र नव्या ज्ञानाच्या वेषांत येतो, आणि म्हणूनच त्याची कुळी तपासून पाहणें अवश्य आहे. हें मत आजकालचें नव्हे. तें शंभर वर्षांपूर्वींचें आहे. एके काळीं तें मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकविलें गेलें, त्याच्यापायीं असंख्य माणसांचे राखतां येण्याजोगे दांत उपटले गेले, आणि अखेर तें पुराव्याच्या कसोटीस उतरलें नाहीं. दांताचें मूळ राखण्याच्या विद्येचा हा इतिहास आम्हीं येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. कारण दंतवैद्यकाच्या बाहेरहि उपयोगीं पडेल असा एक धडा त्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

दांताची रचना ध्यानीं घेतल्यावांचून पुढील हकीकत नीट कळणार नाहीं. दांत हा बाहेरून दगडासारखा दिसला तरी आंतून पोकळ आहे. वरचें पांढरें कवच हा मानवी देहांतील सर्वांत कठीण पदार्थ. त्याखालीं हस्तिदंतासारखा एक जाड थर. आणि त्याच्याहि आंत मऊ, जिवंत गाभा. या गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असतात, आणि ते मुळाच्या टोंकाशीं असलेल्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून आंत आलेले असतात. मुळांतील ही जी अरुंद वाट, तिलाच इंग्रजींत रूट कॅनॉल म्हणतात. पुढच्या दांतांस बहुधा अशी एकच नळी असते. दाढांना तीन किंवा चार असतात. कीड गाभ्यापर्यंत पोंचली म्हणजे तो सुजतो. परंतु चोहोंकडून कठीण भिंती असल्यामुळें सुजेला पसरावयास जागा नसते, आणि म्हणून ती वेदना इतकी दारुण असते. पुढें गाभा मरतो व ठणका थांबतो. रोगी समजतो कीं, आपण बरे झालों. वस्तुतः त्या वेळीं खरा घात सुरू झालेला असतो. मेलेल्या गाभ्यांत जंतु घर करतात, मुळाच्या टोंकांतून जबड्याच्या हाडांत उतरतात आणि तेथें गळूं होतें. गाभ्याचा रक्तपुरवठाच तुटलेला असल्यामुळें शरीराचे रक्षक पेशी किंवा पोटांत घेतलेलें औषध तेथवर पोंचूं शकत नाहींत. यास्तव नुसत्या गोळ्यांनीं हें दुखणें मुळापासून जात नाहीं. उपाय दोनच उरतात. दांत मुळासकट काढावा, किंवा ती नळी रिकामी करून, स्वच्छ करून, कायमची बुजवावी.

हें सर्व आज सोपें वाटतें. परंतु माणसाला हें समजण्यास हजारों वर्षें लागलीं. प्राचीनांच्या मतें दांत पोखरणारा एक किडा होता. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर कोरलेल्या एका मंत्रांत या किड्याची कथा आहे. देवांनीं त्याला पिकलेलें अंजीर देऊं केलें, तें त्यानें नाकारलें, आणि माणसाच्या दांताहिरड्यांत राहण्याची परवानगी मागितली. आपल्याकडे सुश्रुतानें दांताच्या रोगांत ‘कृमिदन्तक’ या रोगाची गणना केली आहे, आणि मराठींत आपण आजहि दांताला ‘कीड’ लागली असेंच म्हणतों. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत कृमिदन्तावर सांगितलेली चिकित्सा मोठी लक्षांत घेण्यासारखी आहे. दांतांतील पोकळी गुळानें किंवा मेणानें भरावी व तापलेल्या सळईनें डागावी, अथवा सातवीण व रुई यांचा चीक तींत भरावा, असें तो सांगतो. यावरून आमच्या पूर्वजांस रूट कॅनॉल येत होतें असली फुशारकी मारण्याचें कारण नाहीं. परंतु दांत पोखरला कीं तो काढलाच पाहिजे असें न मानतां, आंतील दोष जाळून पोकळी भरण्याचा विचार त्यांनीं केला होता, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. त्याचप्रमाणें रोम येथें इसवी सनाच्या १०० च्या सुमारास आर्किजिनीझ नांवाचा वैद्य दुखऱ्या दांतास बारीक भोंक पाडून वेदना हलकी करीत असे.

किड्याच्या समजुतीबरोबर किडा काढणारेहि आलेच. खेड्यापाड्यांतून रिंगणीच्या बियांची धुरी दांतास देऊन कीड पाडून दाखविणारे वैदू अनेकांनीं पाहिले असतील. गंमत अशी कीं, पहिल्या शतकांतील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गुस यानेंहि खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी हाच उपाय लिहून ठेवला आहे, आणि यूरोपांत तो पुढें शतकानुशतकें चालला. धुरीनंतर भांड्यांत पांढुरके बारीक किडे पडलेले दिसत, आणि रोग्याची खात्री पटे. जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब ख्रिस्तियान शेफर या धर्मोपदेशकानें १७५७ सालीं या किड्यांची चौकशी करून एक ग्रंथ लिहिला. त्यानें दाखवून दिलें कीं, बी तापून फुटलें म्हणजे त्यांतील अंकुर बाहेर पडतो, आणि हाच अंकुर लोकांना किडा वाटतो. दांत तोंडांत नसला तरी हे ‘किडे’ भांड्यांत पडतातच. एवढी साधी परीक्षा करून पाहण्याचें सतराशें वर्षें कोणाला सुचलें नाहीं! ही गोष्ट वाचकांनीं स्मरणांत ठेवावी. पुढें शास्त्रज्ञांच्या बाबतींतहि असाच प्रकार घडलेला आपणांस दिसेल.

शेफरच्या आधीं १७२८ सालीं पॅरिसच्या प्येर फोशार यानें दंतवैद्यकावरील आपला दोन खंडांचा प्रसिद्ध ग्रंथ छापला. सूक्ष्मदर्शकांतून पाहूनहि आपणांस किडा दिसला नाहीं असें त्यानें स्पष्ट सांगितलें. पू झालेल्या दांताचा गाभा तो टांचणीसारख्या हत्यारानें उघडी, पू वाहून जाऊं देई, पुढें लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलांत भिजविलेला कापूस आंत ठेवी, आणि कांहीं काळानें दांत शिशानें भरी. आजच्या उपचाराचा सांगाडा येथेंच उभा राहिला असें म्हणण्यास हरकत नाहीं. १७५६ सालीं प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा दंतवैद्य फिलिप फाफ यानें उघड्या पडलेल्या गाभ्यावर सोन्याचें पातळ झांकण बसविण्याची रीत वर्णिली. पुढच्या शतकांत हें काम अमेरिकेंत झपाट्यानें वाढलें. आयर्लंडांतून बंडखोर म्हणून परागंदा झालेला एडवर्ड हडसन फिलाडेल्फिया येथें १८०९ च्या सुमारास मुळांतील नळ्या सोन्याच्या वर्खानें भरूं लागला. १८३६ सालीं स्पूनर यानें गाभा मारण्यासाठीं सोमल वापरण्याची शिफारस केली. बधिर करण्याची विद्या जन्मास येण्यापूर्वीं जिवंत गाभा काढणें म्हणजे केवळ छळ होता, त्यावर हा विषारी तोडगा. १८३८ सालीं एडवर्ड मेनर्ड यानें घड्याळाची कमान कानशीनें घांसून नळी साफ करण्याचें बारीक हत्यार बनविलें. हाच मेनर्ड पुढें बंदुकांच्या सुधारणेबद्दल अधिक प्रसिद्ध झाला. एका हातानें दांत वांचविणारा मनुष्य दुसऱ्या हातानें माणसें मारण्याचीं साधनें सुधारीत होता! याच्या उलट सॅनफर्ड बार्नम. दांतावर काम करतांना लाळ आंत शिरूं नये म्हणून रबराचा पातळ पडदा ताणून बसविण्याची युक्ति त्यानें १८६४ सालीं काढली, आणि तिचें पेटंट न घेतां ती सर्वांस खुली केली. दीडशें वर्षें लोटलीं तरी तो पडदा आज जसाच्या तसा वापरांत आहे.

नळी भरण्यास सोनें महाग व ताठर. तिच्या वांकणांत शिरेल, परंतु शरीरास टोंचणार नाहीं, असा पदार्थ मलायाच्या अरण्यांतून आला. त्याचें नांव गटापर्चा. हा एका झाडाचा चीक; आपल्या चिकू व मोह यांच्याच कुळांतलें तें झाड. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींतील मॉंटगोमरी नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८४० नंतरच्या दशकांत सिंगापुराहून त्याचे नमुने विलायतेस धाडले, आणि थोड्याच काळांत समुद्राखालील तारांना गुंडाळण्यासाठीं त्याला अपार मागणी आली. १८७० सालीं मुंबईहून एडनमार्गें सुएझपर्यंत जी तार समुद्रांतून टाकली गेली तिच्यावरहि याच चिकाचें वेष्टण होतें. खाऱ्या पाण्यांत वर्षानुवर्षें न कुजणारा हा पदार्थ मुखांतहि कुजणार नाहीं, हें ओळखून बोमन यानें १८६७ च्या सुमारास त्यानें दांताच्या नळ्या भरल्या. समुद्रतारांवरून तो केव्हांच नाहींसा झाला; दांताच्या मुळांत मात्र तो अद्यापि आहे.

येथवरची प्रगति हाताची होती; बुद्धि मागेंच राहिली होती. दांत कां कुजतो, गळूं कां होतें, साफ करून भरलेल्या दांतांपैकीं कांहीं टिकतात व कांहीं पुन्हां कां सुजतात, हें कोणास सांगतां येत नव्हतें. तें सांगणारा मनुष्य विलबी मिलर. हा ओहायोंत जन्मलेला अमेरिकन बर्लिनला स्थायिक झाला व जंतुशास्त्राचा आचार्य कोख याच्या पद्धतींत तयार झाला. १८९० सालीं त्यानें मुखांतील सूक्ष्म जंतूंवर आपला ग्रंथ लिहिला, आणि तोंडांतील जंतु अन्नाच्या कणांपासून आम्ल तयार करतात व तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें, हें दाखविलें. १८९४ सालीं त्यानें रोगट गाभ्यांतील जंतूंचें वर्णन केलें. हजारों वर्षांचा किडा अखेर सांपडला. तो डोळ्यांना न दिसण्याएवढा लहान होता, इतकेंच. मिलरनें आणखीहि एक गोष्ट सुचविली. तोंडांतील जंतु शरीराच्या इतर भागांतहि रोग उत्पन्न करूं शकतील, असें त्यानें १८९१ सालीं लिहिलें. कल्पना अयोग्य नव्हती. परंतु तिचें पुढें काय झालें तें पाहूं.

१८९५ सालीं राँटगेननें क्षकिरण शोधून काढले आणि अवघ्या कांहीं आठवड्यांत जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यानें स्वतःच्या दांतांची पहिली छबी घेतली. त्यासाठीं तो पंचवीस मिनिटें निश्चल पडून होता. अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्सचा दंतवैद्य एडमंड केल्स यानें ही विद्या उचलली. मुळाच्या नळींत शिशाची तार घालून तिची छबी घ्यावी, म्हणजे नळीची लांबी कळते व ती टोंकापर्यंत भरली गेली कीं नाहीं हें दिसतें, असें त्यानें १८९९ सालीं दाखविलें. इतके दिवस आंधळेपणानें चाललेल्या कामास दृष्टि आली.

परंतु दृष्टीबरोबर एक संकटहि आलें. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनीं १९१० सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें मॅकगिल विद्यापीठांत एक व्याख्यान दिलें. त्या काळीं कुजक्या मुळांवरच सोन्याचीं टोपणें व पूल बसविण्याची चाल श्रीमंतांत फार बोकाळली होती. या लखलखीत सोन्याखालीं पुवाचे सांठे आहेत आणि त्यांतून रक्तक्षय, संधिवात, अजीर्ण असे नाना रोग उद्भवतात, असा हंटर यांचा आरोप होता. आम्ही त्यांच्याशीं न्यायानें वागूं इच्छितों. त्यांनीं ज्या घाणीवर बोट ठेवलें ती खरीच होती, आणि त्यामुळें दंतवैद्यकास स्वच्छतेची शिस्त लागली. परंतु त्यांचा रोख होता ओंगळ कामावर. लोकांनीं अर्थ घेतला कीं, गाभा गेलेला प्रत्येक दांत विषारी. शिकागोचे प्रतिष्ठित वैद्य फ्रँक बिलिंग्ज यांनीं त्या सुमारास या विचाराला सिद्धांताचें रूप दिलें. दांत, गलग्रंथि इत्यादि ठिकाणीं जंतूंचें एखादें लहानसें ठाणें असतें आणि तेथून ते सर्व शरीरावर स्वाऱ्या करतात, असें हें मत. क्लीव्हलंडच्या वेस्टन प्राइस यांनीं रोग्यांचे उपटलेले दांत सशांच्या कातडीखालीं पुरून प्रयोग केले. ससे आजारी पडले. आणि १९२३ सालीं दोन जाडजूड खंडांत त्यांनीं आपला निर्णय जाहीर केला कीं, मुळें भरलेले दांत धोक्याचे होत.

मग काय विचारतां! संधिवाताचा रोगी आला, काढा दांत. डोळे दुखतात, काढा दांत. मन उदास आहे, तरीहि दांतच काढा. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं, अशांतला हा प्रकार. क्षकिरणांच्या छबींत मुळाच्या टोंकाशीं किंचित् काळी छाया दिसली कीं निकाल लागला. ती छाया रोगाची आहे कीं भरून येणाऱ्या हाडाची आहे, हें विचारण्यास कोणी थांबेना. सुक्याबरोबर ओलेंहि जळावें तसे वाईट दांतांबरोबर चांगलेहि गेले. अनेक दंतविद्यालयांतून मुळांचे उपचार शिकविणें मागें पडलें. या वेडाचा कळस न्यू जर्सींतील ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयांत झाला. तेथील प्रमुख हेन्री कॉटन याची अशी श्रद्धा होती कीं, वेड हें लपलेल्या जंतुदोषाचें फळ होय. त्यानें वेड्यांचे दांत काढले. गुण आला नाहीं तर गलग्रंथि काढल्या. तरीहि नाहीं तर मोठ्या आंतड्याचा भाग कापला. या शेवटच्या शस्त्रक्रियेंत, त्यानें स्वतः कबूल केलेल्या हिशेबानेंच, शेंकडा तीसच्या आसपास रोगी दगावत. शेंकडा पंच्याऐशी रोगी बरे होतात असा दावा तो जगभर करीत होता. १९२४ सालीं फिलिस ग्रीनॅकर नांवाच्या एका तरुण स्त्री-डॉक्टरानें या दाव्याची तपासणी आरंभिली, आणि तो पोकळ असल्याचें तिला आढळलें. परंतु तिच्या वरिष्ठांनीं तिचा अहवाल दाबून ठेवला. कॉटन ढोंगी नव्हता. त्यानें स्वतःच्या मुलांचेहि दांत काढविले होते. आमच्या मतें ही गोष्ट त्याच्या अपराधाहून अधिक भयप्रद आहे. ढोंग्याला केव्हां तरी पकडतां येतें. पूर्ण विश्वासानें चुकणाऱ्यास कोण आवरणार?

सुशिक्षित, सज्जन आणि अनुभवी माणसें अशीं कां वाहवलीं? कारण सिद्धांताची रचनाच अशी होती कीं, तो खोटा ठरणें शक्य नव्हतें. दांत काढल्यावर रोगी बरा झाला, तर सिद्धांत खरा. बरा झाला नाहीं, तर आणखी कोठें तरी ठाणें दडलें आहे. पुढचा अवयव काढा. संधिवात हा मूळचाच चढउतार होणारा रोग. त्याच्या उतारास दांत निघाले म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गांठ पडे. दांत न काढतां किती रोगी आपोआप सुधारतात, हें कोणीं मोजलेंच नव्हतें. भांड्यांत अंकुर पडतो कीं किडा, हें दांतावांचून धुरी देऊन पाहिल्याखेरीज कळत नाहीं. तीच परीक्षा येथें राहून गेली होती.

या लाटेविरुद्ध जे थोडे लोक उभे राहिले त्यांत एडमंड केल्स याचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. ज्या किरणांचा उपयोग त्यानें दंतवैद्यकास शिकविला त्यांच्याच छायेवर विसंबून चाललेली ही दांतांची कत्तल त्याला पाहवेना. १९२० सालीं त्यानें आपल्या व्यवसायबंधूंसमोर या प्रकारास युगाचा गुन्हा म्हणून संबोधलें आणि वैद्यांच्या नुसत्या हुकमावरून दांत काढण्यास नकार द्या असें बजाविलें. तोंवर त्याच्या देहाचा नाश सुरू झाला होता. त्या काळीं यंत्र जुळविण्यासाठीं दंतवैद्य आपला स्वतःचाच हात किरणांपुढें धरीत. केल्सनें तो वर्षानुवर्षें धरला होता. कर्करोगानें प्रथम त्याचीं बोटें गेलीं, मग पंजा, मग बाहु. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९२८ सालीं, वेदना असह्य होऊन, त्यानें आपल्या हातानें आयुष्य संपविलें. ज्यानें दाखविण्याचें साधन दिलें त्यानेंच, दिसतें त्याचा अर्थ सावकाश लावा, असें सांगितलें. आणि तें सांगण्याचा अधिकार त्यानें फार मोठ्या किंमतीस विकत घेतला होता.

हळूहळू पुरावा जमूं लागला. १९३६ सालीं इंग्लंडांत फिश व मॅक्लीन यांनीं एक साधाच प्रयोग केला. उपटलेल्या दांतांत जंतु सांपडतात, यावर सर्व इमारत उभी होती. त्यांनीं दांत काढण्यापूर्वीं भोंवतालच्या हिरडीची कड तापलेल्या हत्यारानें डागून तेथील जंतु मारले. मग दांत काढला, तों आंतला गाभा निर्जंतुक निघाला! अर्थात् पूर्वीं दिसलेले जंतु मुळांत राहत नव्हते. दांत उपटतांना, चिमट्याच्या हेलकाव्यांनीं, हिरडीवरचे जंतु आंत ढकलले जात होते. १९३८ सालीं अमेरिकेंत सेसिल व अँजेव्हाइन यांनीं संधिवाताच्या २०० रोग्यांचा हिशेब मांडला. दांत काढलेल्या ५२ जणांपैकीं ४७ जणांस कांहींहि गुण आला नव्हता. सेसिल हे स्वतः पूर्वीं या मताचे पुरस्कर्ते होते. म्हणून त्यांच्या या कबुलीस विशेष मोल आहे. प्राइस यांच्या सशांचे प्रयोगहि इतरांच्या हातीं टिकले नाहींत. १९४३ सालीं शिकागो येथें मुळांच्या उपचारांस वाहिलेल्या दंतवैद्यांची संस्था निघाली, आणि १९६३ सालीं अमेरिकेंत या शाखेस स्वतंत्र मान्यता मिळाली.

शेवटचा निर्णायक दाखला १९६५ सालचा. काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनीं उंदरांच्या दोन जातकुळी घेतल्या. एक साध्या, आणि दुसऱ्या जन्मापासून पूर्णपणें निर्जंतुक वातावरणांत वाढविलेल्या. दोघांच्याहि दाढांस भोंक पाडून गाभा उघडा टाकला. साध्या उंदरांचा गाभा कुजून गळवें झालीं. निर्जंतुक उंदरांच्या उघड्या दांतांत अन्नाचे कण जाऊन बसले, तरीहि गाभा जिवंत राहिला, इतकेंच नव्हे तर जखमेवर नवा कठीण थर बांधला गेला. म्हणजे घात करणारे ते जंतु, दांत नव्हे. जंतु काढले तर दांत राखतां येतो. दोनशें वर्षें हातांनीं जें चालविलें होतें त्याचें कारण बुद्धीला आतां सांपडलें.

आजचा उपचार या सर्वांचा वारस आहे. जागा बधिर करतात, बार्नमचा रबरी पडदा ताणतात, दांतास वरून दार पाडतात, नळीची लांबी क्षकिरणांनीं व विजेच्या मापकानें मोजतात. मेनर्डच्या घड्याळी कमानीची जागा १९८८ नंतर निकल व टायटॅनियम यांच्या लवचिक मिश्रधातूच्या कानशींनीं घेतली. वांकड्या मुळांतहि त्या न मोडतां वळण घेतात असा अनुभव असला, तरी क्वचित् त्या मोडतातहि. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या जखमा ज्या द्रवानें धूत त्याच जातीच्या क्लोरीनयुक्त द्रवानें नळ्या धुतात, आणि अखेर गटापर्चानें त्या बुजवितात. वर टोपण बसवावें लागतें, कारण दाढ पोखरलेली व ठिसूळ झालेली असते. तें टाळल्यानें पुष्कळ दाढा पुढें फुटतात. अशा दांतास ‘मेलेला’ म्हणणें हीच मूळ चूक होय. गाभा गेला तरी दांताचें मूळ बाहेरून जिवंत तंतूंनीं हाडास बांधलेलें असतें, व त्या तंतूंना स्वतंत्र रक्त मिळत असतें. म्हणूनच तो दांत पुढें अनेक वर्षें चावण्याचें काम करूं शकतो.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रत्येक दांत राखतां येत नाहीं. मूळ उभें चिरलें असेल, हाडाचा आधार गेला असेल, दांत हिरडीखालींच फुटला असेल, तर तो काढणेंच श्रेयस्कर. कांहीं उपचार फसतात व पुन्हां करावे लागतात. दांताचें गळूं अंगावर काढणें जिवावरहि बेतूं शकतें, आणि ज्यांच्या हृदयाच्या झडपांत दोष आहे त्यांस तोंडांतील जंतूंपासून खरा धोका असतो. तितक्यापुरतें हंटर यांचें म्हणणें आजहि खोटें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, निवाडा त्या त्या दांताचा व्हावा, सरसकट नव्हे.

आपल्या देशांत ही विद्या उशिरां रुजली. पहिलें दंतविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें; मुंबईस नायर दंतविद्यालय १९३३ सालीं निघालें; आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ सालीं झाला. आमच्या आज्याआजोबांच्या पिढीस दांत काढण्यावांचून पर्याय नव्हता तो यामुळें. आजहि पुष्कळ घरांत पर्याय नसतो, तो ज्ञानाच्या अभावीं नव्हे तर पैशाच्या. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. परंतु ज्यांना उपचार परवडतो आणि ज्यांच्या घरांत चार पुस्तकें आहेत, त्यांनीं १९२३ सालचें बाद झालेलें मत नवा शोध म्हणून स्वीकारावें, हें मात्र चमत्कारिक आहे. २०१८ सालीं याच मताचा एक माहितीपट निघाला, आणि दंतवैद्यकाच्या संस्थांनीं हरकत घेतल्यावर २०१९ सालीं तो प्रमुख दर्शनस्थळांवरून काढला गेला. तरी त्यांतील वाक्यें फोनवरून फिरतच असतात.

यावर उपाय नवें पांडित्य हा नव्हे. कोणी छातीठोकपणें कारण सांगूं लागला तर त्याला दोनच प्रश्न विचारावे. हा उपाय न करतांहि किती जण बरे झाले? आणि तुमचें म्हणणें कोणत्या परिस्थितींत तुम्ही सोडून द्याल? शेफरनें धुरीच्या भांड्यास हेच प्रश्न विचारले, फिश व मॅक्लीन यांनीं चिमट्यास विचारले, ग्रीनॅकरनें अख्ख्या इस्पितळास विचारले. दुखरा दांत घेऊन दंतवैद्याच्या दारीं जाणाऱ्या वाचकासहि ते विचारण्याचा अधिकार आहे. चांगला दंतवैद्य त्यावर रागावणार नाहीं. तो छबी पुढें ठेवील, मूळ कोठवर शाबूत आहे तें बोटानें दाखवील, आणि राखण्याजोगें असेल तर राखूं असें म्हणेल. एकदां काढलेला दांत परत बसत नाहीं. राखलेला मात्र पुढें केव्हांहि काढतां येतो.